विझर्ड्री (१९८१): हाताने काढलेला नकाशा जुळत नसेल तर

विझर्ड्री हा भुयारात फिरण्याचा संगणकावरचा खेळ. त्याचा नकाशा काढताना सरळ पूर्वेला काढलेली वाट आधीच्या खोल्यांवर चढत होती. मोठा कागद जोडला, पावलं मोजली, सगळं पुन्हा काढलं. अगदी रडकुंडीला आलो.

कारण असं: भुयाराचा प्रत्येक मजला २० × २० चौकटींचा आहे. एका कडेबाहेर पडलं की समोरच्या कडेतून आत येतो. शिवाय काही चौकटी न सांगता आपलं तोंडच फिरवतात!

आधी आलेखाच्या कागदावर २० × २० चा चौकोन आखा, कडांना ० ते १९ आकडे द्या. पहिल्या मजल्याचा जिना खालच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे ०,०. मग जादूगाराचा डुमापिक मंत्र वापरा: जिन्यापासून पूर्वेला-उत्तरेला किती चौकटी आणि तोंड कुठे, ते कळतं. ती चौकट पेन्सिलीने नोंदवा, मगच भिंती काढा. शंका आली की पुन्हा डुमापिक. डुमापिक पहिल्या पातळीचा मंत्र आहे, म्हणून त्या पातळीच्या मंत्रांचा एक वापर कायम राखून ठेवा, लढाईत खर्चू नका.