मेड्यूझचं मॉडेल करायचंय? आधी साल ठरवा

शिडाच्या जहाजाचं मॉडेल करायचं म्हटलं की लोक थेट लाकूड आणायला धावतात. माझं ऐका, आधी कागदावर साल लिहा. 'मेड्यूझ' या फ्रेंच फ्रिगेटसाठी, म्हणजे वेगवान युद्धनौकेसाठी, दोन सालं आहेत: 1810, ती पाण्यात उतरली तेव्हाचं, नाहीतर 1816, ती मॉरिटानियाच्या किनाऱ्याजवळ आर्गाँच्या उथळ वाळूत रुतली तेव्हाचं. जहाज एकच, पण मॉडेलं दोन होतात.

मेड्यूझ पालास वर्गातली. आराखडा जाक-नोएल साने यांचा, 1805 चा. नेपोलियनच्या काळात या एका नमुन्यावर पन्नासाहून जास्त जहाजं बांधायला घेतली. तेव्हा मेड्यूझचेच नकाशे हवेत असा हट्ट धरू नका, वर्गातल्या कुठल्याही बहिणीचे चालतील. इंग्रज नौदल पकडलेल्या फ्रेंच जहाजांची मापं काढून ठेवायचं. असे नकाशे ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत.

लांबी साधारण 46.9 मीटर, रुंदी 11.9, पाण्याखाली 5.9. प्रमाण 1:100 धरलं की सांगाडा 47 सेंटीमीटरचा होतो. काचेची पेटी करताना नाळेपुढे निघणाऱ्या काठीची जागा मात्र विसरू नका.

सागवान आणू नका. त्याच्या रेषा इतक्या ठळक की शंभरपट लहान फळीवर त्या ओरडतात. मी हेदू वापरतो: पिवळसर, बारीक पोताचं, धारदार पातीनं लोण्यासारखं कापलं जातं. फासळ्या 3 मिलीमीटर प्लायवूडच्या. इथे घाई नको, कारण सगळी गंमत या फासळ्यांत आहे. पाण्याच्या रेषेवर जहाज सर्वात रुंद, मग वर जाताना दोन्ही बाजू आत झुकतात. तो झुकाव चुकला की सान्यांचं जहाज मालवाहू पडाव दिसायला लागतं. फळ्या गरम पाण्यात भिजवून, वाकवून, रात्रभर चिमट्यात ठेवा. पाण्याखालच्या भागाला तांब्याचे पत्रे असत. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळणारी तांब्याची चिकटपट्टी घ्या. वार्निश लावू नका, तिला आपसूक काळवंडू द्या.

सान्यांच्या रेषा प्रत्यक्ष बघायच्या असतील तर इंग्लंडमधल्या हार्टलपूलला 'त्रिंकोमाली' उभी आहे. वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली, 1817 ची. वर्ग इंग्रजी, पण मूळ नमुना 1782 मध्ये पकडलेल्या सान्यांच्या 'एबे'चा. त्रिंकोमालीचे पहिले नकाशे मुंबईला निघाले होते 'जावा' या इंग्रजी फ्रिगेटवर, आणि ती 1812 मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'च्या तोफांना बळी पडली. ही जावाही मुळात फ्रेंचांची, इंग्रजांनी 1811 मध्ये घेतलेली! तर हार्टलपूलला जाऊन सांगाड्याचा आकार डोळ्यांत भरून घ्या, पण कोरीवकाम उचलू नका. ते इंग्रजी आहे.

आता तोफा. 1810 साठी मुख्य डेकवर 28, प्रत्येकी 18 पौंडी. हा पौंड फ्रेंच, म्हणजे गोळा जवळजवळ 8.8 किलोचा, इंग्रजी 18 पौंडीपेक्षा जड. वरच्या डेकवर 8 पौंडी तोफा आणि आखूड, रुंद तोंडाच्या 36 पौंडी कॅरोनेड, आठ-आठ. पितळी सळईतून त्या लेथवर काढून घ्या, हातानं कापलेल्या एकसारख्या होत नाहीत. 1816 घेतलंत तर हे बरंचसं काम वाचतं. सेंट-लुई इंग्रजांकडून परत घ्यायला सेनेगलकडे निघालेल्या या जहाजात जवळपास चारशे माणसं कोंबायची होती, म्हणून बहुतेक तोफा उतरवल्या होत्या. तोफांची भोकं ठेवा, झापा बंद करा.

डोलकाठ्या, परबाणं (शिडं टांगायच्या आडव्या काठ्या) आणि दोर यांचं काम वेळखाऊ, पण अवघड नाही. सुती दोरा मेणावरून ओढून घ्या. शिडं मी लावत नाही, त्यांच्यामागे दोर झाकले जातात. झेंडा मात्र सालाप्रमाणेच: 1810 ला तिरंगा, निळा पट्टा काठीकडे. 1816 ला बूर्बाँ राजे परत आलेले, म्हणून कोरा पांढरा. 1816 च्या मेड्यूझवर तिरंगा फडकताना पाहिला की माझं डोकं फिरतं.

शेजारी जहाज रुतल्यावर बांधलेला तराफाही ठेवायचा असेल, म्हणजे 147 माणसं चढली आणि जेमतेम 15 वाचली तो, तर याच प्रमाणात तो 20 सेंटीमीटर लांब, 7 रुंद होतो. पण तो जहाजाच्याच काठ्या आणि परबाणं बांधून केला होता. त्यामुळे तराफा मांडलात की जहाजावरच्या तेवढ्या काठ्या काढाव्या लागतील.