उपविधींच्या मसुद्यावर हरकत नोंदवताना या चुका टाळा

महानगरपालिका किंवा नगरपरिषद नवा उपविधी (म्हणजे अधिनियमाखाली केलेला स्थानिक नियम) करते अथवा जुन्यात बदल सुचवते, तेव्हा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या लेखी हरकती व सूचना मागवल्या जातात. सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेला महानगरपालिकांसाठीचा १९४९ चा अधिनियम लागू आहे, तर सातारा नगरपरिषदेला नगरपरिषदांसाठीचा १९६५ चा. म्हणून साताऱ्याच्या पाहुण्यांनी केलेला अर्ज कलमांच्या आकड्यांसह सांगलीत उतरवून काढू नये.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे मसुदा न वाचता, वर्तमानपत्रातील बातमीवरून हरकत लिहिणे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थांना उपविधी करण्यास सांगितले आणि कचऱ्याचे शुल्क व जागेवरचा दंड हे विषय प्रत्येक दुकानाच्या दारात आले. आमच्या ओळखीच्या एका खानावळवाल्या काकूंनी तेव्हा लिहिलेला अर्ज मला अजून आठवतो. पूर्ण पान भरले होते, पण शेवटी हाती लागत होते ते इतकेच : ‘तरी साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा ही नम्र विनंती.’ त्यांचे म्हणणे रास्त होते, मात्र ते कोणत्या कलमाविषयी आहे हे कुठेच नव्हते. आम्ही मसुदा समोर ठेवून अर्ज पुन्हा लिहिला : शुल्काच्या तक्त्यात दहा जणांची खानावळ आणि शंभर जणांचे हॉटेल एकाच ओळीत आहेत, त्याऐवजी बसण्याच्या क्षमतेनुसार दोन टप्पे करावेत, आणि सोबत त्या दोन ओळींचा पर्यायी मजकूर. अशी हरकत कारण न देता बाजूला सारणे अवघड जाते. एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर गल्लीभराच्या सह्या घेण्यापेक्षा प्रत्येकाने आपली अडचण आपल्या आकड्यांसह मांडणे मला कितीतरी परिणामकारक वाटते.

उपविधी मूळ अधिनियमाच्या विरोधात जाऊ शकत नाही, त्यामुळे जो बदल विधिमंडळच करू शकते, त्याची मागणी येथे करून उपयोग नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. एका कार्यालयात मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी गेलो असता ‘ठेवा इथे’ म्हणून सांगण्यात आले, मी अर्ज टेबलावर ठेवून परतलो, आणि सुनावणीच्या यादीत माझे नाव नव्हते. अर्ज दिल्याचा कोणताही पुरावा माझ्यापाशी नव्हता. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, आवक-जावक विभागातच द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, सही व शिक्का घ्यावा. शिक्क्यातील तारीख पुसट उमटली असेल तर तेथेच उभे राहून पुन्हा मारून घ्यावी, कारण मुदतीचा वाद त्याच आकड्यावर ठरतो. ती मुदत बातमीवरून न धरता जाहीर सूचनेतील शब्दांवरून मोजावी.

सुनावणीचे पत्र आल्यास शिक्का मारलेली तीच प्रत, मसुद्याचे संबंधित पान आणि जागेची छायाचित्रे सोबत न्यावीत आणि आधी लिहिलेल्या मुद्द्यांवरच बोलावे.

महानगरपालिकेच्या उपविधीला राज्य शासनाची मान्यता लागते. त्या दरम्यान आपल्या हरकतीवर काय निर्णय झाला हे कळले नसेल, तर आवक क्रमांक नमूद करून २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली संबंधित टिपणीची प्रत मागवावी.