आत्मकथनाची आर्टिस्ट बुक्स जमवायची असतील तर

आर्टिस्ट बुक म्हणजे कलाकाराने कलाकृती म्हणूनच घडवलेलं पुस्तक. त्याची लिमिटेड एडिशन, म्हणजे मोजक्याच प्रतींची आवृत्ती, घ्यायच्या आधी एकाच कलाकाराचं काम नीट बघा, माझ्या मते ब्रिटिश कलाकार ट्रेसी एमिनपासून सुरुवात करावी. तिचं १९९४ चं ‘एक्स्प्लोरेशन ऑफ द सोल’, फक्त २०० प्रती, तिचं बालपण आणि तेराव्या वर्षापर्यंत जे सोसलं ते सगळं त्यात आहे, वाचताना पोटात कालवतं. ते कापडी पिशवीत येतं आणि ती पिशवी पुस्तकाचाच भाग आहे, त्यामुळे पिशवी नसेल तर ती प्रत अपुरी धरा आणि किंमत त्या हिशोबानेच बोला.

विकणाऱ्याकडे आधी फोटो मागा. नंबर आणि सही जिथे आहे ते पान, बांधणी, कडा, सगळं जवळून. ३७/२०० असं लिहिलं असेल तर २०० पैकी सदतिसावी प्रत, आणि एपी (आर्टिस्ट्स प्रूफ) म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी राखलेली, मोजणीबाहेरची. आधी कोणाकडे होती, बिल आहे का, हेही विचारा, लाजू नका. बिल जपून ठेवा.

लंडनला जाणं झालं तर व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममधल्या नॅशनल आर्ट लायब्ररीत आर्टिस्ट बुक्सचा मोठा संग्रह आहे, तिथे ती प्रत्यक्ष बघता येतात.

घरी आणल्यावर ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचा) बॉक्स, त्यात पुस्तक आडवं ठेवायचं, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहायच्या. फाटलं तरी सेलोटेप अजिबात लावू नका, डाग कायमचा पडतो. आणि हात धुऊन, कोरडे करून ते वाचा हो, कोणीतरी जीव ओतून लिहिलंय ते.