सरकारी वकिलाच्या थरारकथेचा शेवट : या चुका टाळा

ठाण्यातील माझ्या कथालेखन वर्गात न्यायालयीन थरारकथांचा एकच शेवट पुन्हा पुन्हा येतो. धमक्यांमुळे गप्प झालेला साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो, सरकारी वकील सत्यावर लांबलचक भाषण करतात आणि साक्षीदार रडत रडत आरोपीकडे बोट दाखवतो. संध्याकाळी त्याला आरोपीच्याच गल्लीत परतायचे आहे, याचा लेखकाला विसर पडलेला असतो.

ही चूक मीही केली आहे. माझ्या पहिल्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण मी तलावपाळीवर एका निवृत्त सरकारी वकिलांना वाचून दाखवले, तेव्हा शेंगा सोलता सोलता त्यांनी एवढेच विचारले, "हे न्यायाधीशांनी ऐकून का घेतले?" सरतपासणीत, म्हणजे स्वतःच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना, उत्तर सुचवणारा सूचक प्रश्नसुद्धा विचारता येत नाही, तिथे भाषण कुठले! दुसऱ्या दिवशी ते मला कोर्टनाक्यावरच्या न्यायालयात घेऊन गेले. बाहेरच्या बाकावर साक्षीदार आणि आरोपीचे नातेवाईक शेजारी शेजारी बसले होते. नातेवाइकांपैकी एकाने पाण्याची बाटली पुढे केली आणि साक्षीदाराने ती मुकाट्याने घेतली. पुकारा झाल्यावर तो आत जाऊन म्हणाला, "मी काही पाहिले नाही." सरकारी वकिलांनी आवाज न चढवता त्याला फितूर, म्हणजे उलटलेला साक्षीदार, जाहीर करण्याची आणि उलटतपासणीची परवानगी मागितली, पोलिसांसमोरचा जबाब एकेक वाक्य करून त्याच्यापुढे ठेवला आणि प्रत्येक नकार टंकलिखित होऊ दिला. मात्र गुन्हा घडला त्या संध्याकाळी आपण तिथल्या गाडीवरच होतो, एवढे त्याच्या तोंडून निघालेच. घरी येऊन मी भाषण फाडले आणि बाटली ठेवली.

साक्षीदार फितूर झाला म्हणजे खटला बुडाला, हा समज दुसरी चूक घडवतो. अशा साक्षीचा विश्वासार्ह भाग न्यायालय ग्राह्य धरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सत्पाल खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे कथेचा शेवट अशा निसटत्या कबुलीवरच उभा करावा. पोलिसांच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. दंडाधिकाऱ्यांसमोर, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १८३ खाली, दिलेला जबाब त्याला मागे फिरणे अवघड करतो. पण तोही स्वतंत्र पुरावा नव्हे आणि तो कथेच्या पूर्वार्धातच नोंदवून घ्यावा लागतो. शेवटच्या पानावर खिशातून कागद काढणारे वकील मी वाचतच नाही.

एका रात्रीत मिळणारे पोलीस संरक्षणही टाळा. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज, धोक्याचा पोलीस अहवाल आणि जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती, असा क्रम आहे. संरक्षणही एका वेळी तीन महिन्यांपुरतेच.

न्यायाधीशांचा हातोडा खोडा; तो आपल्या न्यायालयांत नसतो, सिनेमात असतो.

मी स्वतः शेवटची साक्ष आधी लिहितो, डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे उत्तर, आणि घाबरलेल्या माणसाचे उत्तर दोन ओळींपेक्षा लांबले की ते कापतो. नवोदितांना एवढा धीर नसतो. "सर, शेवटी सरकारी वकीलच गुन्हेगार निघाले तर?" असे कुणी विचारले, की मी त्याला पहिल्या प्रकरणाकडे परत पाठवतो.