एचआयव्हीच्या संभाव्य संपर्कानंतरचे प्रतिबंधक औषध: या चुका टाळा

एचआयव्हीशी संपर्क आला असण्याची शक्यता असेल, तर संसर्ग मूळ धरण्याआधीच तो रोखण्यासाठी जे औषध दिले जाते, त्याला पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस किंवा थोडक्यात पीईपी म्हणतात. त्याचे नियम वरवर पाहता दोनच आहेत. पहिला डोस शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत घ्यायचा. त्यानंतर २८ दिवस औषध खंड न पाडता चालू ठेवायचे. तरीही हे औषध अपयशी ठरते, तेव्हा दोष क्वचितच गोळीचा असतो. ती उशिरा सुरू झालेली असते, अर्ध्यावर सुटलेली असते किंवा त्याच महिन्यात पुन्हा नवा संपर्क घडलेला असतो. खालील चुका याच अनुषंगाने वाचाव्यात.

७२ तास म्हणजे हातातला वेळ आहे, असे समजणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. तीन दिवस आहेत म्हटल्यावर माणूस पहिला दिवस विचारात, दुसरा माहिती शोधण्यात आणि तिसरा धीर गोळा करण्यात घालवतो. वास्तविक ७२ तास ही शेवटची सीमा आहे. तिच्या आतले सर्व तास सारख्याच मोलाचे नाहीत. सहाव्या तासाला घेतलेली गोळी आणि सत्तराव्या तासाला घेतलेली गोळी या दोन्ही नियमात बसतात, पण त्यांच्याकडून सारख्या परिणामाची अपेक्षा ठेवता येत नाही.

याचे कारण विषाणूच्या वागण्यात आहे. श्लेष्मल त्वचेतून (म्हणजे योनी, गुदद्वार यांसारख्या अवयवांच्या आतल्या ओलसर अस्तरातून) किंवा जखमेतून आत शिरलेला विषाणू लगेच सर्व शरीरात पसरत नाही. आधी तो प्रवेशाच्या जागेजवळच्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये वाढतो आणि साधारण दोन ते तीन दिवसांत लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतो. पेशीत शिरल्यावर तो स्वतःच्या जनुकीय साहित्याची डीएनए प्रत बनवतो आणि ती प्रत त्या पेशीच्या डीएनएमध्ये मिसळून टाकतो. पीईपीमधील औषधे नेमक्या याच दोन पायऱ्या अडवतात: टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन किंवा एम्ट्रिसिटाबिन ही प्रत बनू देत नाहीत, तर डोल्युटेग्राव्हिर ती पेशीच्या डीएनएत मिसळू देत नाही. एकदा मिसळलेली प्रत बाहेर काढणारे औषध मात्र यांत एकही नाही. त्यामुळे विषाणूचा साठा शरीरात पक्का होण्याआधी औषध रक्तात आणि ऊतींमध्ये पोहोचले, तरच ते उपयोगी ठरते.

याचा पुरावा माकडांवरील प्रयोगांतून मिळाला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मकाक माकडांना एचआयव्हीशी साधर्म्य असलेल्या एसआयव्ही विषाणूचे इंजेक्शन देऊन नंतर टेनोफोव्हिर सुरू करण्यात आले. २४ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस औषध दिलेल्या गटातील सर्व माकडे संसर्गापासून वाचली. ४८ किंवा ७२ तासांनी सुरुवात केली, तेव्हा संरक्षण कमी पडले. आणि वेळेवर सुरू करूनही औषध ३ किंवा १० दिवसांतच थांबवले, तेव्हाही ते कमी पडले. आजच्या दोन्ही नियमांची, म्हणजे लवकर सुरुवात आणि २८ दिवसांचा काळ यांची, मुळे अशा प्रयोगांत आहेत.

माणसांवर तसा प्रयोग करणे अनैतिक ठरेल, कारण त्यासाठी संपर्क आलेल्या काही जणांना मुद्दाम औषधाविना ठेवावे लागेल. म्हणून मानवी पुरावा निरीक्षणांतून आलेला आहे. दूषित सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात झिडोव्हुडिन या एकाच औषधाने संसर्गाची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आज तीन औषधे एकत्र दिली जातात आणि ती त्याहून प्रभावी मानली जातात. तथापि कोणी ‘नव्याण्णव टक्के खात्री’ असा नेमका आकडा सांगत असेल, तर तो अशा कोणत्याही प्रयोगातून आलेला नाही, हे ओळखावे.

७२ तास उलटून गेल्यावर पीईपी सहसा दिले जात नाही. तरीही डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. चाचण्यांचे वेळापत्रक ठरवणे, इतर लैंगिक आजारांची तपासणी करणे आणि संसर्ग झालाच असल्यास उपचार लवकर सुरू करणे, ही कामे तेव्हाही करायचीच असतात.

अहवाल येईपर्यंत थांबणे

‘आधी चाचणी करून पाहू, मग ठरवू’ हा विचार शहाणपणाचा वाटतो, पण येथे तो उलटा पडतो. संपर्कानंतर लगेच केलेली एचआयव्ही चाचणी फक्त संपर्काच्या आधीची स्थिती सांगते. कालच्या घटनेतून संसर्ग झाला की नाही, हे कोणतीही चाचणी आज सांगू शकत नाही. पहिल्या दिवशीची चाचणी आवश्यकच आहे, कारण आधीपासून संसर्ग असेल तर उपचाराची दिशा बदलते. मात्र तिच्या किंवा मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्यांच्या अहवालासाठी पहिला डोस रोखून धरू नये.

समोरच्या व्यक्तीच्या अहवालाबाबतही हेच लागू होते. ती व्यक्ती चाचणीस तयार असेल तर उत्तम. पण तिला शोधण्यात, समजावण्यात आणि प्रयोगशाळेत नेण्यात दिवस जाणार असेल, तर गोळी आधी घ्यावी. तिला संसर्ग नाही असे नंतर खात्रीने कळले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध थांबवता येते. सुरू केलेले औषध बंद करणे सोपे आहे, वाया गेलेले तास भरून काढणे अशक्य आहे. या एका फरकावरूनच बहुतेक शंकांचा निकाल लागावा. लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगात तर फिर्याद, जबाब आणि वैद्यकीय पुरावा या गोष्टी पहिल्या डोसच्या आड येताच कामा नयेत.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. जोडीदार एचआयव्हीचे औषध नियमित घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, सातत्याने दर मिलिलिटरला २०० प्रतींहून कमी असेल, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही आणि अशा वेळी पीईपीची गरज पडत नाही. ही माहिती ऐकीव असेल वा अहवाल जुना असेल, तर निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. सुई किंवा सिरिंज एकत्र वापरली गेली असेल, तर मात्र हा अपवाद धरून चालू नये.

जखम पिळणे, आणि धोक्याचा अंदाज चुकणे

सुई टोचल्यावर बोट पिळून रक्त काढणे, ते तोंडात घालणे, जखमेवर ब्लीच किंवा तीव्र जंतुनाशक ओतणे, हे सारे निरुपयोगी आहे आणि त्याने ऊतींना इजा होते. जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, डोळ्यांत रक्त उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि निघावे. लैंगिक संबंधानंतर योनी किंवा गुदद्वार आतून धुऊ नये.

धोक्याचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. लाळ, घाम, अश्रू, मिठी, एकाच ताटातले जेवण, स्वच्छतागृहाचा वापर किंवा डासाचा चावा यांमुळे एचआयव्ही पसरत नाही, आणि अखंड त्वचेवर रक्त पडले तरी पीईपी लागत नाही. असे असताना केवळ घाबरून महिनाभर तीन औषधे घेणे योग्य नव्हे. दुसरीकडे, आकडे वाचून निर्धास्त होणारेही असतात. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची सरासरी शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. कंडोमविना गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला ती दर १०,००० वेळांमागे सुमारे १३८, तर योनीमैथुनात स्त्रीला सुमारे ८ इतकी धरली जाते. या सरासऱ्या आहेत. बाधित व्यक्तीला नुकताच संसर्ग झालेला असेल, तर तिचा व्हायरल लोड फार मोठा असतो. जननेंद्रियावर फोड असतील किंवा जबरदस्तीमुळे इजा झाली असेल, तर शक्यता आणखी वाढते. त्यामुळे लहान आकडा हे उशिराचे समर्थन होऊ शकत नाही.

मित्राच्या डबीतल्या गोळ्या घेणे

एचआयव्हीवरचे प्रत्येक औषध पीईपीसाठी चालत नाही. नेव्हिरापिनमुळे निरोगी व्यक्तींच्या यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, म्हणून ते पीईपीसाठी वापरत नाहीत. अबाकाव्हिरमुळे काही जणांना जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते. संपर्कापूर्वी घ्यायच्या प्रेपच्या गोळीत बहुधा दोनच औषधे असतात. पीईपीसाठी दोन औषधे अगदीच निरुपयोगी नसली, तरी तीन औषधांचा संच अधिक पसंत केला जातो.

आधीपासून चालू असलेली औषधे डॉक्टरांना न सांगणे ही याच जातीची चूक आहे आणि ती लक्षातही येत नाही. अ‍ॅल्युमिनियम वा मॅग्नेशियम असलेली आम्लपित्तावरची औषधे डोल्युटेग्राव्हिरचे शोषण अडवतात. म्हणून डोल्युटेग्राव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे लागते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू होते, फक्त जेवणासोबत घेतल्यास त्या एकत्र चालतात. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची कार्बामाझेपिनसारखी औषधे डोल्युटेग्राव्हिरचे प्रमाण घटवतात, तर डोल्युटेग्राव्हिरमुळे मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचे प्रमाण रक्तात वाढते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास टेनोफोव्हिरबाबत वेगळा निर्णय घ्यावा लागतो. गर्भधारणा असल्याची माहितीही द्यावी. मात्र गर्भारपण हे पीईपी नाकारण्याचे कारण नाही.

दुसऱ्या आठवड्यात औषध सोडणे

पहिल्या दिवसांची भीती ओसरते आणि त्याच सुमारास मळमळ, डोकेदुखी, थकवा किंवा झोपमोड यांचा कंटाळा येऊ लागतो. मग ‘आता पुरे’ असे वाटते. हे त्रास बहुधा सौम्य असतात. ते असह्य असतील तर औषध बदलून घेता येते, स्वतःहून थांबवू नये. औषध देणाऱ्या आरोग्य केंद्राने आरंभी काही दिवसांच्याच गोळ्या दिल्या असतील, तर उरलेल्या आणायला न जाणारेही अनेक असतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना २०१४ पासून पहिल्याच भेटीत पूर्ण २८ दिवसांचे औषध द्यावे असे सुचवते. तसे मिळत नसेल, तर पुढची तारीख तिथेच ठरवून घ्यावी.

एखादा डोस चुकल्यास आठवताच घ्यावा, पण भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नयेत. खंड एका दिवसाहून मोठा असेल किंवा गोळी घेताच उलटी झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. मद्याने औषधाचा परिणाम थेट कमी होत नाही. मात्र मद्याच्या भरात डोस विसरला जातो.

शेवटच्या गोळीबरोबर प्रकरण मिटले असे मानणे

पीईपीमुळे विषाणूची वाढ दबलेली असू शकते आणि त्यामुळे संसर्ग चाचणीत उशिरा दिसू शकतो. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी आणि पुन्हा बारा आठवड्यांनी, संपर्काच्या दिवसापासून मोजून, चाचणी करतात. केंद्राचे वेळापत्रक थोडे वेगळे असल्यास ते पाळावे. घरगुती चाचणी संचांतील बहुतेक केवळ प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गानंतर काही काळाने शरीर तयार करते ती प्रथिने (अँटिबॉडी), शोधतात, म्हणून त्यांच्या लवकर आलेल्या ‘निगेटिव्ह’वर विसंबू नये. अखेरच्या अहवालापर्यंत कंडोम वापरावा, रक्तदान करू नये. या काळात ताप, पुरळ, घसादुखी आणि गाठी सुजणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर ती गोळ्यांचा दुष्परिणाम समजून अंगावर काढू नयेत, लगेच तपासून घ्यावे.

हेपॅटायटिस बीची तपासणीही यातच येते. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूवरही काम करतात. तो आजार आधीपासून असेल, तर २८ दिवसांनी औषध अचानक बंद केल्यावर यकृताचा दाह उसळू शकतो. सिफिलिस, गोनोरिया, हेपॅटायटिस सी आणि नको असलेली गर्भधारणा यांना पीईपी अडवत नाही. त्यांची तपासणी वा उपाय स्वतंत्रपणे करावे लागतात.

ज्यांना अशा संपर्काची शक्यता पुन्हा पुन्हा येते, त्यांनी दर वेळी पीईपीकडे धावण्यापेक्षा, २८ दिवस पूर्ण होत आले की चाचणी करून, मध्ये खंड न पाडता थेट प्रेप सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. हा प्रश्न शेवटच्या नव्हे, तर पहिल्याच भेटीत काढलेला बरा, कारण गोळ्या संपल्यानंतर अनेक जण परत येतच नाहीत.