'बॅटरी चांगली आहे' म्हणजे किती?

मेसेज रात्री अकरा वाजून गेल्यावर आला. "भाऊ, लॅपटॉप परत घ्या. बॅटरी तासभरपण टिकत नाही." मुलगा नांदेडचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तीन दिवसांपूर्वीच त्याला ११,५०० रुपयांना पाठवलेला लॅपटॉप. ऑनलाइन विकलेला माझा चौथा की पाचवा माल असेल. मी दिलेलं उत्तर आठवलं की अजून कानशिलं गरम होतात : "जुना माल आहे, चेक करूनच पाठवलाय. रिटर्न नाही." फोन उशाशी पालथा घातला आणि झोपलो. झोप कसली लागते.

सकाळी इथे सोलापुरात नवी पेठेत गेलो. तिथल्या ज्या दुकानात मी रिपेअरिंग शिकलो, तिथल्या अण्णांना जाहिरात दाखवली. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून ती दोनदा वाचली.

"काय बे, 'बॅटरी चांगली आहे' म्हणजे किती चांगली?"

"दुकानात चार तास चालू होता की, अण्णा."

"चार्जर लावून?"

मी गप्प.

हल्ली जुळे सोलापूर, विजापूर रोडकडची पोरं माझ्याकडे येतात, जुन्या मोबाइल-लॅपटॉपचा ऑनलाइन धंदा करायचाय म्हणून. माल कुठून उचलायचा, मार्जिन किती सुटतं, हे सगळे विचारतात. गेलेला माल परत आला तर काय करायचं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

त्या मुलाला दुपारी फोन केला. आधी माफी मागितली, मग त्याच्याकडून एक काम करून घेतलं. विंडोजमध्ये बॅटरीचा रिपोर्ट काढायची कमांड असते. त्यात दोन आकडे बघायचे : बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर भरणारी क्षमता. त्याच्या रिपोर्टात पहिला आकडा साधारण ४१ हजार मिलिवॉट-अवर, दुसरा १७ हजार. म्हणजे बॅटरी ४१ टक्क्यांवर आलेली. विकण्याआधी मी ही कमांड चालवली असती तर दोन मिनिटं गेली असती. न चालवल्यामुळे जाण्यायेण्याचं कुरिअर, आठ दिवस आणि झोप गेली.

तेव्हापासून जाहिरातीत विशेषण लिहायचं नाही, असा माझा नियम आहे. 'चांगली', 'मस्त', 'नव्यासारखा', 'किरकोळ स्क्रॅच' हे शब्द बंद. आयफोन असेल तर सेटिंगमधली बॅटरी हेल्थची टक्केवारी फोटोसकट. लॅपटॉप असेल तर वरचे दोन आकडे, शिवाय वाय-फाय चालू आणि ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून प्रत्यक्षात किती मिनिटं चालला ते. हार्डडिस्क किंवा एसएसडीची (दोन्ही फाइली साठवायचे भाग) तब्येत सांगणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात, त्याचा स्क्रीनशॉट. स्क्रॅच असेल तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो. तपासणीची तारीखही टाकतो, कारण आपल्या गावात ऋतूलाही हिशेबात धरावं लागतं. डिसेंबरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, तयारीच्या दिवसांत तपासलेला लॅपटॉप गार चालतो. तोच एप्रिल-मेमध्ये, पारा ४२-४३ वर गेलेला असताना, पत्र्याच्या दुकानात तासाभरात गरम होऊन आपोआप बंद पडतो. पंख्यात धूळ आणि प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळलेली. हिवाळ्यात तपासून ठेवलेला माल उन्हाळ्यात विकायचा असेल तर मी तो पुन्हा तासभर लोडवर, म्हणजे जड काम देऊन, चालवतो.

आता तक्रार आल्यावर काय करायचं ते.

पहिला मेसेज लवकर गेला पाहिजे, आणि त्यात ना होकार असावा ना नकार. माझा ठरलेला मजकूर असा : "तुमचा मेसेज मिळाला. अडचण कधी येते, चार्जर लावलेला असताना की काढलेला असताना, एवढं सांगा आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. उद्या दुपारपर्यंत काय करायचं ते ठरवू." समोरच्याचा निम्मा राग इथेच उतरतो. लांबच्या गावातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाला पैसे पाठवून बसलेला असतो तो. त्याला खरी भीती वस्तूची नसते, आपण फोन उचलणार नाही याची असते.

व्हिडिओ मागण्याचं आणखी एक कारण आहे. 'खराब निघाला' म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारींत माल खराब नसतोच. पंढरपूरच्या एका ताईंनी कॉम्प्युटरचा सेट घेतला होता. पडद्यावर काहीच दिसत नाही म्हणून त्या रडकुंडीला आलेल्या. व्हिडिओत दिसलं की एचडीएमआयची वायर ग्राफिक्स कार्डाला न लावता वरच्या मदरबोर्डाच्या पोर्टला लावलीय. वायर खालच्या पोर्टला लावली आणि पडदा उजळला. कुणाला लॅपटॉप 'फार स्लो' वाटतो, कारण महिनाभर बंद राहिल्यामुळे विंडोजची सगळी अपडेट पहिल्याच दिवशी उतरत असतात. कुणी ६५ वॉटच्या लॅपटॉपला घरातला मोबाइलचा चार्जर लावलेला असतो. अशा वेळी फोनवर पंधरा मिनिटं द्यावीत. मात्र 'तुम्हाला वापरता येत नाही' हा सूर चुकूनही लागू देऊ नये. मी म्हणतो, "माझंच सांगायचं राहिलं." बऱ्याचदा ते खरंही असतं.

दोष खरा निघाला तर मग ताणू नका. इथे कायद्याचं थोडं सांगतो, कारण 'जुना माल, नो रिटर्न, नो गॅरंटी' एवढं लिहिलं की आपण सुटलो अशी आपल्याकडे समजूत आहे. ई-कॉमर्ससाठी २०२० साली ग्राहक संरक्षणाचे वेगळे नियम आले. ऑनलाइन बाजारावर विकलेला माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या मुदतीपेक्षा उशिरा पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्यातच आहे. घरातला आपला जुना फोन एकदाच विकणाऱ्या माणसाला हे नियम लागत नाहीत. नियमित धंदा करणाऱ्याला लागतात. दहा-वीस फोन विकून 'मी तर घरगुती' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि एकदाच विकणाराही अगदी मोकळा नसतो. वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, हे १९३० च्या माल विक्री कायद्यातच आहे.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला तो स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे नांदेडच्या पोराने मनावर घेतलं असतं तर सोलापूरचा मी नांदेडला तारखांना. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायला तर त्याला पाच मिनिटंही लागली नसती. अकरा हजारांच्या लॅपटॉपसाठी हे परवडतं का, याचं गणित ज्याचं त्याने करावं.

दोष छोटा असेल तर परत मागवण्याआधी मी एक पर्याय देतो : वस्तू ठेवा, इतके पैसे परत घ्या. स्पीकर फाटका वाजतोय, यूएसबीचं एक पोर्ट मेलंय, अशा ठिकाणी पाचशे-आठशे रुपयांत दोघांचं भागतं आणि कुरिअरचा खर्च वाचतो. पण ही रक्कम दुरुस्तीच्या खर्चावरून ठरवायची. समोरचा किती चिडलाय त्यावरून ठरवली तर चिडण्याचाही भाव फुटतो.

माझी काहीच चूक नाही, फक्त त्याचं मन बदललंय, असं असेल तर? हातात घेतल्यावर रंग आवडला नाही, मेहुण्याने स्वस्तात दिला, वगैरे. ज्या ऑनलाइन बाजारावर विकलं त्याची परतीची अट असेल ती पाळावीच लागते. थेट विक्रीत मात्र मी आधीच लिहून ठेवतो : तीन दिवसांत कळवा, दोन्हीकडचं कुरिअर तुमचं. हे वस्तू विकण्याआधी लिहिलेलं असेल तर अट, नंतर सांगितलं तर भांडण.

वस्तू परत मागवायची ठरली की नवखी पोरं नेमकी इथे फसतात. मीही फसलो. ८ जीबी रॅमचा पाठवलेला एक लॅपटॉप ४ जीबी होऊन परत आला. ग्राहक म्हणाला, तुम्हीच ४ चा पाठवला. माझ्याकडे पुरावा शून्य. पैसे दिले आणि गुमान बसलो. आता पाठवण्यापूर्वी मागचं झाकण उघडून रॅम, एसएसडी आणि बॅटरीवरचे सिरियल नंबर दिसतील असा फोटो काढतो. मोबाइल असेल तर *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, पडद्यासकट. झाकणाच्या दोन स्क्रूंवर नेलपेंटचा बारीक ठिपका देतो. स्क्रू फिरवला की ठिपका तुटतो. ही अण्णांची जुनी युक्ती. नेलपेंट आणताना दुकानदार विचारायचा, "वहिनींसाठी का?" लग्न झालं नव्हतं तेव्हा.

आयएमईआयवरून आठवलं. माल विकत घेतानाच तो नंबर तपासायचा. इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून, जागा सोडून आयएमईआय टाकायचा आणि १४४२२ वर एसएमएस करायचा. काळ्या यादीतला किंवा दुबार नंबरचा फोन निघाला तर तो घ्यायचाच नाही. असा फोन विकलात तर पुढे येणारा मेसेज 'परत घ्या' एवढाच नसेल, आणि तो ग्राहकाकडूनच येईल असंही नाही.

परत पाठवण्याआधी ग्राहकाला त्याचं गूगल किंवा ॲपल खातं काढायला सांगा, तेही फोनवर बोलत, एकेक बटण सांगत. नुसतं रिसेट मारून उपयोग नाही. खातं आत राहिलं तर रिसेटनंतर फोन त्याचाच पासवर्ड मागतो आणि आपल्या हातात वीट उरते. पैसे परत मिळाल्यावर माणूस फोन उचलेलच असं नाही. आणि खातं काढलेलं नसताना फोन आलाच, तर त्यातले फोटो-मेसेज बघायचे नाहीत. त्याच्याशी बोलून खातं काढायचं आणि लगेच पुसायचं.

पॅकिंगबद्दल फार सांगत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांतून चिंध्या किलोवर मिळतात, बबल रॅपच्या वर त्या भरल्या की खोका आपटला तरी चालतं. फक्त आतली वस्तू आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. नाहीतर चार्जिंगच्या भोकात सोलापुरी टॉवेलचा दोरा आणि पुन्हा तीच तक्रार. सुट्या बॅटऱ्या कुरिअरने पाठवायच्या भानगडीत पडू नका. परतीच्या वेळी माझाच खोका वापरायला सांगतो, म्हणून पहिल्याच दिवशी 'आठवडाभर खोका टाकू नका' अशी चिठ्ठी आत ठेवतो. आलेला खोका उघडताना सलग व्हिडिओ काढायचा : आधी चारही बाजू, मग पट्टी कापताना, मग सिरियल नंबर. मध्ये व्हिडिओ तोडला की त्याची किंमत गेली.

पैसे परत करताना एकच नियम, पण तो मोडायचा नाही : ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जाणार. "माझं खातं बंद आहे, मित्राच्या नंबरवर टाका" असं कुणी म्हटलं की थांबायचं. आलेले पैसे चोरीचे असतील तर सायबर पोलिसांकडच्या तक्रारीत आपलंच खातं गोठतं, आणि मित्राला दिलेले आपल्या खिशातून गेलेले असतात. तसंच, 'रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' हे कुणी आपल्याला म्हणालं किंवा आपल्या नावाने ग्राहकाला म्हणालं, तरी ती फसवणूकच. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, दुसऱ्या दिवशी नाही. रिफंड केल्यावर व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट मी न मागता पाठवतो.

नांदेडच्या मुलाला पूर्ण ११,५०० परत केले, येण्याचं कुरिअरही मीच भरलं. अण्णा म्हणाले, "फी भरली समज." त्या मुलाने पुढे त्याच्या रूममेटला माझ्याकडूनच मोबाइल घ्यायला लावला. पण प्रत्येक वेळी असं होत नाही. माझ्या रॅमवाल्या ग्राहकाने नंतर मला ब्लॉक केलं, एवढंच.

तो लॅपटॉप महिनाभर रॅकवर पडून होता. नवी बॅटरी टाकावी तर हिशेब बसेना. शेवटी पुन्हा जाहिरात टाकली : 'बॅटरी ४१ टक्के, ५० मिनिटं चालते, प्लगला लावूनच वापरा, किंमत १०,०००.' दुसऱ्या दिवशी सात रस्त्याजवळचा एक झेरॉक्सवाला आला. म्हणाला, "बॅटरी मला लागतच नाही हो, दिवसभर टेबलावरच राहणार. चार्जरची वायर किती लांब आहे तेवढं सांगा."

ती मोजली नव्हती. टेप शोधला आणि त्याच्यासमोर मोजली.