साताऱ्यात होस्टेलला येताय? आधी पावसाची तयारी करा

पहिल्या वर्षाचे प्रवेश होतात जुलै-ऑगस्टमध्ये, आणि सातारा त्या दिवसांत ओला असतो. सकाळी रिपरिप, दुपारी ढग, रात्री परत रिपरिप. म्हणून सामानाची यादी करताना चादरी किती आणि शर्ट किती यापेक्षा ते वाळणार कुठे, याचा विचार आधी करा. रेल्वेने येणार असाल तर स्टेशन माहुलीकडे, गावाबाहेर आहे. पेटी-वळकटी घेऊन तिथून रिक्षाच करावी लागते. एसटी मात्र थेट गावात सोडते.

खोली ताब्यात मिळाली की गादी टाकायच्या आधी कॉट तपासा. हे काम अजिबात टाळू नका. मोबाइलचा टॉर्च लावून कॉटचे सांधे, प्लायच्या कडा, खिळ्यांची भोकं आणि भिंतीला लागलेली बाजू बघा. शाईच्या टिपक्यांसारखे काळे डाग दिसले तर ढेकूण आहेत. उन्हाळ्यात खोली दोन महिने बंद होती, म्हणजे ते मेले असतील, असं समजू नका. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने काढतो. लोखंडी कॉट असेल तर ती बाहेर ओढून प्रत्येक सांध्यात उकळतं पाणी ओता आणि आठ-दहा दिवसांनी परत ओता, कारण पहिल्या खेपेला आडोशाला राहिलेली अंडी तोवर फुटलेली असतात. रॉकेल ओतायचा जुना उपाय खोलीत करू नका, आगीचा धोका आहे. ढेकूण शेजारच्या कॉटवर असतील तर आपली एकटी कॉट धुऊन उपयोग नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं आणि रेक्टरकडे, म्हणजे होस्टेलच्या प्रमुखांकडे, फवारणीचा लेखी अर्ज द्यायचा. सीनियरने जाताना सोडलेली गादी फुकट मिळाली तरी घेऊ नका. नवी घेताना आधी कॉट मोजा, काही ठिकाणी रुंदी अडीच फूट असते, काही ठिकाणी तीन. कापसाची गादी ओल धरते, म्हणून कॉट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

आता कपडे. पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी, दोन डझन चिमटे आणि दोन बादल्या लागतातच. आठवड्याचं गाठोडं रविवारी धुवायची सवय साताऱ्याच्या पावसात चालत नाही. एवढे कपडे एकदम वाळत घालायला जागा नसते, ते एकमेकांना चिकटतात आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारतात. त्यापेक्षा रोज दोन-तीन कपडे धुवा. साबणाच्या पाण्यात अर्धा तास पुरे, रात्रभर भिजत ठेवलं तरी वास येतो. पिळून झाल्यावर कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, बरंच पाणी टॉवेल शोषतो. मग पंख्याखाली, दोन कपड्यांत वीतभर जागा सोडून टांगा. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून घाला. तरीही दोन-तीन दिवस धराच. पावसाळ्यापुरत्या पातळ कापडाच्या पँट आणल्या तर निम्मा त्रास वाचतो.

पाणी तापवायच्या रॉडला बहुतेक होस्टेलांत बंदी असते, आणि ती योग्यच आहे. खोलीतलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतो. त्यात जुनं वायरिंग आणि स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डाची बारीक वायर, म्हणजे प्लग तापतो, प्लॅस्टिक वितळतं. इंडक्शन शेगडीचंही तेच. सोलरचं पाणी ढगाळ दिवसांत कोमट असतं किंवा नसतंच. थंडीत ते मिळतं, पण जो लवकर उठेल त्याला. नळातून आधी येणारं गार पाणी सोडून देऊ नका, दुसऱ्या बादलीत धरा. ते कपड्यांना होतं. बादलीत पाणी साठवलंत तर झाकून ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करा. डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात.

मेस लावताना चवीआधी खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा, नियम विचारा. किती दिवस आधी सांगायचं, सलग किती दिवसांचा खाडा धरतात, एका वेळचा धरतात की नाही. तोंडी सांगितलेला खाडा महिनाअखेरीस कुणाला आठवत नाही. वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. रविवारी रात्री बऱ्याच मेस बंद असतात, त्या वेळेसाठी खोलीत काहीतरी असू द्या. घरून आणायला शेंगदाण्याची कोरडी चटणी सगळ्यांत उत्तम, महिनाभर टिकते. मात्र चमचा कोरडा हवा. चिवडा या हवेत दोन दिवसांत मऊ पडतो, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातच ठेवा. पहिल्या पंधरवड्यात पाणी बदलल्याने पोट बिघडू शकतं. ओआरएसची चार पाकिटं जवळ असावीत.

खोलीतल्या सोबत्यांशी झाडण्याच्या पाळ्या, दिवा बंद करायची वेळ आणि फोन स्पीकरवर न लावणं, एवढं पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली याच गावात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत आणि कामंही स्वतः करत. त्या गावात राहायला आलोय, तेव्हा खोलीत कुणी कुणाची जात काढणं आपण खपवून घ्यायचं नाही.

रॅगिंगच्या बाबतीत 'थोडी मस्करी सहन करावी' हा सल्ला ऐकू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. देशपातळीवरची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे, ती चोवीस तास चालू असते. नंबर फोनमध्ये आजच साठवा, घरच्यांनाही द्या.

पैशाचं एक काम पहिल्याच महिन्यात उरका. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी पैसे देणारी स्वाधार योजना आहे. अर्ज अडतो तो सहसा उत्पन्नाच्या दाखल्यावर किंवा आधारशी न जोडलेल्या बँक खात्यावर. दाखला गावाकडच्या तहसीलमधून निघतो, म्हणून निघायच्या आधीच काढा. होस्टेलमध्ये राहत असल्याचं रेक्टरच्या सही-शिक्क्याचं पत्र आणि फीची पावती पहिल्या दिवसापासून जपा, आणि दोन्ही प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. कपाटातसुद्धा ओल येते.